परळच्या वॉर्डातून सशाच्या मेंदूपर्यंत

१९४०च्या दशकात रक्तदाब चढलेल्या रुग्णासाठी डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, एवढंच सांगता येई. परळच्या केईएम रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील तेव्हा एका वनस्पतीच्या मुळांपासून केलेल्या गोळ्या देऊन पाहत होते. ही वनस्पती म्हणजे सर्पगंधा. सह्याद्रीच्या रानातही आढळणारं हे बुटकं झुडूप वैद्यांना निद्रानाशावर आणि उन्मादावर पूर्वीपासून ठाऊक होतं. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी कलकत्त्यात त्याबद्दल लिहिलंही होतं, पण बाहेरच्या जगाने फारसं मनावर घेतलं नाही. डॉ. वकील यांनी रुग्णांच्या पद्धतशीर नोंदी ठेवल्या, १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध छापला, आणि मग मात्र सर्पगंधेकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

मुंबईत राहणाऱ्या आणि मेंदूबद्दल कुतूहल असणाऱ्या प्रत्येकाला ही हकिकत माहीत असावी असं मला मनापासून वाटतं, कारण ती रक्तदाबापाशी थांबत नाही. प्राणी कसे शिकतात, कशाच्या मागे धावतात, काय विसरू शकत नाहीत, याबद्दल आज जे कळलंय त्यातली एक मोठी वाट या मुळापासून निघते.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या संशोधकांनी सर्पगंधेतलं प्रभावी द्रव्य वेगळं काढलं. त्याचं नाव रेसर्पिन. रक्तदाब त्याने उतरे, पण काही रुग्ण खिन्न आणि सुस्त होत असल्याच्या नोंदीही डॉक्टर करू लागले. (औषधाने खरोखर नैराश्य येतं का, यावर पुढे बराच वाद झाला.) रक्तवाहिन्यांसाठी घेतलेली गोळी मनापर्यंत कशी पोचते? अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेला दिसलं की रेसर्पिन दिल्यावर प्राण्यांच्या मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन जवळजवळ नाहीसं होतं. तिथे काही महिने काम करून आरविद कार्लसन स्वीडनला परतले आणि त्यांनी ससे घेतले.

रेसर्पिन टोचलेला ससा जागच्या जागी बसून राहतो. कान लोंबलेले, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, ढोसलं तरी हालचाल नाही. कार्लसन यांनी अशा सशांना आधी सेरोटोनिन ज्यापासून बनतं ते द्रव्य दिलं. काहीच फरक पडला नाही. मग एल-डोपा हे दुसरं द्रव्य दिलं. थोड्याच मिनिटांत सशांचे कान उभे राहिले आणि ते हिंडू-फिरू लागले. १९५७ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला.

आत घडत होतं ते असं. चेतापेशीच्या टोकाशी अगदी सूक्ष्म पिशव्या असतात आणि शेजारच्या पेशीला संदेश देणारी रसायनं त्यांत भरून ठेवलेली असतात. या पिशव्या भरणारा पंपच रेसर्पिन बंद पाडतं. पिशवीबाहेर राहिलेलं रसायन पेशीतलं एक विकर (एन्झाइम) फोडून टाकतं. मेंदूचं कोठार असं हळूहळू रिकामं होतं. एल-डोपा रक्तातून मेंदूत शिरू शकतं आणि तिथे त्याचं डोपामाइन हे रसायन होतं. तोवर डोपामाइनला कुणी स्वतंत्र किंमतच देत नव्हतं. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे दुसरं संदेशवाहक रसायन तयार होताना लागणारा मधला टप्पा, एवढीच त्याची ओळख होती. ते स्वतःच संदेशवाहक आहे हे कार्लसन यांचं म्हणणं १९६० मध्ये लंडनच्या परिषदेत मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही पटलं नाही. त्याच वर्षी व्हिएन्नात ओलेह होर्निकिविच यांना हालचाली मंदावणाऱ्या पार्किन्सन आजाराच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामाइन फार कमी असल्याचं आढळलं, आणि पुढच्या वर्षी रुग्णांना एल-डोपा देऊन पाहिलं गेलं. पावसाळ्यानंतर आपल्याकडे रानोमाळ माजणाऱ्या खाजकुयलीच्या बियांतही हेच एल-डोपा असतं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

आता डोपामाइन हा शब्द घरोघरी पोचलाय. मोबाइलवर लाइक आलं की डोपामाइन मिळतं, गोड खाल्लं की डोपामाइन मिळतं, असं सर्रास बोललं जातं. या समजुतीने एका सुंदर शोधाचं फार नुकसान केलंय, म्हणून इथे थोडं थांबतो.

वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन पेशींचे संकेत एकेक करून नोंदवले. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की पेशी जोरात बोलत. मग रसाआधी दर वेळी दिवा लावायला सुरुवात केली. माकड शिकलं, आणि पेशी दिवा लागताच बोलू लागल्या. रस आला तेव्हा मात्र गप्प. रस तोच, त्याची गोडी तीच, पण तो आता अपेक्षित होता. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी पेशींचा नेहमीचा संथ ठोकाही मंदावे. म्हणजे या पेशी अपेक्षा आणि वास्तव यांतली तफावत कळवत होत्या.

ससून डॉकवरच्या मांजराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. कोळणीने पाटी खाली ठेवली की पुढे काहीतरी तोंडात पडतं, हे पहिल्यांदा घडतं तेव्हा तफावत मोठी असते. डोपामाइन सुटतं आणि चेतापेशींमधल्या नुकत्याच कामाला लागलेल्या जोडण्या पक्क्या होतात. पुढे पाटीचा आवाज पुरतो. रोजचं झाल्यावर शिकायला उरतच नाही. आणि कोळणीने जागा बदलली, पाटी वाजूनही काही मिळेनासं झालं, की ती उणी तफावत जुनी सवय सैल करू लागते. सुखाचं माप म्हणून डोपामाइनकडे पाहिलं, तर यातलं काहीच नीट समजत नाही.

हेच रसायन माशीतही शिकवण्याचं काम करतं, हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणाऱ्या चिलटांपैकी एक म्हणजे ड्रोसोफिला, फळमाशी. तिच्या मेंदूत सुमारे १ लाख ४० हजार चेतापेशी आहेत. १९७४ मध्ये सिमोर बेंझर यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेने दाखवलं की विशिष्ट वासाबरोबर विजेचा झटका दिला तर माश्या तो वास टाळायला शिकतात. दोन वर्षांनी त्यांना अशी माशी सापडली जिला वास येतो, झटका जाणवतो, पण दोहोंची सांगड काही लक्षात राहत नाही. तिचं नाव ठेवलं ‘डन्स’, म्हणजे ढ. बिघडलेला जनुक शोधल्यावर कळलं की तो पेशीच्या आत निरोप पोचवणाऱ्या सायक्लिक एएमपी या रेणूची विल्हेवाट लावणाऱ्या विकराचा आहे. तिकडे चेताशास्त्रज्ञ एरिक कँडेल समुद्री गोगलगाय घेऊन बसले होते. तिला शेपटीवर झटका दिला की सेरोटोनिन सुटतं, पेशीत सायक्लिक एएमपी वाढतं आणि जोडणी बळावते. माशी आणि गोगलगाय यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरी दोघींच्या स्मृतीची साखळी एकाच रेणूतून जाते. माशीच्या मेंदूत डोपामाइनच्या काही पेशी शिक्षेची खूण करतात, काही बक्षिसाची. सुखाच्या रसायनाची समजूत इथेही कोलमडते.

माशीच्या या अभ्यासात कुलाब्याचा वाटा मोठा आहे. १९६२ मध्ये होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. १९७०च्या दशकात बेंझर यांच्यासोबत काम करून ते माशीच्या चेतासंस्थेकडे वळले. केनियात जन्मलेल्या, डब्लिनमध्ये शिकलेल्या व्हेरॉनिका रॉड्रिग्ज त्यांच्याकडे संशोधनाला आल्या, आणि नेव्हीनगरच्या टोकाशी असलेल्या त्या इमारतीत, वास आणि चव न कळणाऱ्या माश्या निवडून काढत दोघांनी गंधाच्या जनुकांचा माग घेतला. मेंदू गंधाशी काय जोडतो हे कळायचं, तर गंध आत कसा येतो हे आधी कळायला हवं होतं.

सेरोटोनिनची एक गोष्ट महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिली आहे. २०२०च्या मे महिन्यात विदर्भात टोळधाड आली होती. वाळवंटी टोळ एरवी एकलकोंडा असतो, दुसरा टोळ दिसला की दूर सरतो. पण अन्न घटलं, दाटी झाली, मागच्या पायांना सतत इतरांचा स्पर्श होऊ लागला, की दोनेक तासांत त्याचा स्वभाव पालटतो आणि तो थव्याकडे ओढला जातो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की या काळात त्याच्या छातीतल्या चेतागाठींमध्ये सेरोटोनिन एकदम वाढतं. सेरोटोनिनचा मार्ग अडवला, तर दाटीत ठेवूनही टोळ एकलकोंडाच राहतो.

कुलाब्याच्या त्याच संस्थेत आज डॉ. विदिता वैद्य सेरोटोनिनवर काम करतात. जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत उंदराची पिल्लं रोज काही तास आईपासून दूर ठेवली, तर मोठेपणी ती अधिक भित्री निघतात. त्यांच्या गटाने दाखवलं की त्याच दिवसांत सेरोटोनिनचा एक विशिष्ट ग्राहक रेणू (पेशीवरचा, त्याचा संदेश घेणारा) औषधाने बंद ठेवला, तर पुढची ही भीती टळते. हे वाचल्यापासून मला वाटतं, स्वभाव म्हणून आपण जे सांगतो त्यातलं बरंच काही कोवळ्या वयातल्या थोड्या दिवसांत ठरून जात असावं.

भीतीची आठवण पक्की कशी होते, यावर जेम्स मॅकगॉ यांनी अनेक दशकं काम केलं. त्यांची युक्ती अशी की उंदीर शिकून झाल्यानंतर औषध द्यायचं. शिकणं संपलेलं असूनही आठवण बळकट होई. प्रसंगानंतरचा काही काळ मेंदू ठरवत असतो की हे किती जपायचं, आणि तो निर्णय मेंदूतल्या बदामाच्या आकाराच्या अमिग्डाला या भागामधल्या नॉरअ‍ॅड्रेनॅलिनवर अवलंबून असतो. २००० साली न्यू यॉर्कमध्ये करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी आणखी पुढचं दाखवलं. ज्या आवाजाबरोबर झटका मिळाला होता तो आवाज उंदरांना पुन्हा ऐकवला, आणि लगेच अमिग्डालात नवी प्रथिनं बनू न देणारं औषध सोडलं. पुढच्या वेळी त्यांची भीती बरीच ओसरलेली होती. आवाज न ऐकवता औषध दिलं, तर काहीच फरक पडत नसे. आठवलेली आठवण काही काळ ओली असते आणि तिला पुन्हा सुकावं लागतं.

दिवाळीत आपल्या गल्लीतले कुत्रे गाड्यांखाली, जिन्याखाली थरथरत बसतात, तेव्हा त्यांच्या मेंदूत हीच यंत्रणा चालू असते. पहिल्या बारची भीती नॉरअ‍ॅड्रेनॅलिन पक्की करतं, आणि पुढचा प्रत्येक आवाज ती उघडून पुन्हा पक्की करण्याची शक्यता असते. कुत्र्यांच्या अशा भीतीवर अमेरिका-युरोपात डेक्समेडेटोमिडीन हे औषध मान्य झालं आहे. ते नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सुटणंच कमी करतं, आणि पशुवैद्य ते आवाज सुरू होण्याआधी द्यायला सांगतात.