न दिसणाऱ्या फ्रेम्सचा भार

गेम उघडला की आधी मेनू येतो. मागे जवळजवळ स्थिर चित्र, पुढे चार बटणे. तरी नेमके तिथेच ग्राफिक्स कार्डाचे पंखे घोंघावू लागतात, कधी कार्डातून बारीक शिट्टीसारखा आवाजही येतो. कार्डाला ‘पुरे’ म्हणणारे कोणी नसले की हे होते. एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे एक पूर्ण चित्र, संपली की ते लगेच पुढची रंगवायला घेते. मेनूचे चित्र हलके, त्यामुळे सेकंदाला शेकडो, कधी हजारांवर फ्रेम्स तयार होतात. ६० हर्ट्झचा मॉनिटर मात्र सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो. बाकी सगळी मेहनत उष्णता होऊन बाहेर पडते.

२०१० मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’ आला तेव्हा मेनूवर कार्डे तापत असल्याच्या तक्रारी आल्या. तो बनवणाऱ्या ब्लिझार्डने सेटिंगच्या फाइलमध्ये दोन ओळी घालायला सांगितल्या : खेळात ६० एफपीएसची (सेकंदाला ६० फ्रेम्सची) मर्यादा, मेनूत ३०ची. २०२१ मध्ये ‘न्यू वर्ल्ड’च्या चाचणी आवृत्तीत काही आरटीएक्स ३०९० कार्डे चक्क निकामी झाली आणि गेम बनवणाऱ्या अ‍ॅमेझॉनने मेनूवर मर्यादा घातली. त्यांतल्या काही कार्डांत मूळ दोष सोल्डरिंगचा होता, असे ती बनवणाऱ्या ईव्हीजीए कंपनीने नंतर सांगितले. धडधाकट कार्ड एवढ्याने जळत नाही. फार तापले तर ते स्वतःच वेग उतरवते. पण वीज, उष्णता आणि आवाज चुकत नाहीत.

मर्यादा घातल्यावर होणारी बचत अपेक्षेपेक्षा मोठी असते. चिपमधले ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना लागणारी वीज क्लॉकच्या, म्हणजे चिपच्या ठोक्यांच्या, वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. काम कमी झाले की कार्ड क्लॉक उतरवते, आणि उतरलेल्या क्लॉकला व्होल्टेजही कमी पुरते. समजा क्लॉक २० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के खाली आले, तर ०.८ × ०.९ × ०.९ म्हणजे सुमारे ०.६५. या भागातली वीज ३५ टक्क्यांनी घटली. म्हणून मर्यादेचा परिणाम मोजताना ‘जीपीयू वापर’ या, कार्ड किती व्यस्त आहे ते सांगणाऱ्या, टक्केवारीवर विसंबू नये. कमी क्लॉकवर चालणारे कार्डही ८५ टक्के वापर दाखवू शकते. पाहायचे ते वॅट. आणि ड्रायव्हरमधला (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला) वीज व्यवस्थापनाचा पर्याय कमाल कामगिरीवर ठेवलेला असेल तर क्लॉक चढेच राहते आणि बचतीचा मोठा वाटा हातचा जातो.

मग आकडा कोणता? मॉनिटरला जी-सिंक किंवा फ्रीसिंक (कार्डाच्या फ्रेम्सशी मॉनिटरचा वेग जुळवणारी सोय) असेल तर रिफ्रेश रेटच्या, म्हणजे मॉनिटर सेकंदाला जितक्या वेळा चित्र बदलतो त्याच्या, थोडे खाली : १४४ हर्ट्झला १४१, किंवा एनव्हिडियाचे उशीर कमी करणारे रिफ्लेक्स व्ही-सिंकसोबत (फ्रेम मॉनिटरच्या ठेक्यावरच दाखवणारी सोय) आपोआप धरते ते १३८. अगदी १४४ ठेवले तर एखादी फ्रेम लवकर येऊन रांगेत अडकते. असा मॉनिटर नसेल तर रिफ्रेश रेटला पूर्ण भाग जाणारा आकडा घ्यावा : १४४ला ७२ किंवा ४८, १२०ला ६० किंवा ४०. ७५ हर्ट्झवर ६० ठेवले तर काही फ्रेम्स एकदा आणि काही दोनदा दिसतात, आणि कॅमेरा फिरवताना चित्र अडखळते. १२० हर्ट्झवरचे ४० हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आकडा. ३० एफपीएसला एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद टिकते, ६०ला १६.७, ४०ला २५, म्हणजे बरोबर मध्यावर. ३०वरून फक्त १० वाढवून निम्मी वाट सरते. लॅपटॉपसाठी हे फारच सोयीचे.

आकडा ठरवताना गेममधला सर्वांत जड प्रसंग पाहावा. मोकळ्या रानात ११० आणि लढाईत ७५ मिळत असतील, तर १००ची मर्यादा लढाईत निरुपयोगी ठरेल. ७२ ठेवले तर दोन्हीकडे गती एकसारखी राहते. शिवाय इथे एक उलटा वाटणारा फायदा आहे. कार्ड ९९ टक्क्यांवर अडकले की प्रोसेसरने पुढे ढकललेल्या फ्रेम्स रांगेत थांबतात, आणि माउस हलवल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत उशीर होतो. मर्यादेमुळे कार्डाला थोडी उसंत मिळाली की रांग साचत नाही. त्यामुळे ९५ एफपीएसवर हाशहुश करणाऱ्या कार्डापेक्षा ८५ एफपीएसवर बांधलेले कार्ड कधीकधी हाताला जास्त चपळ लागते.

मर्यादा शक्यतो गेमच्याच सेटिंगमध्ये घालावी. तिथे उशीर सर्वांत कमी. ती सोय नसेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज’, मग ‘प्रोग्रॅम सेटिंग्ज’मध्ये गेम निवडून ‘मॅक्स फ्रेम रेट’. ही सोय जानेवारी २०२०च्या ड्रायव्हरपासून आहे. शेजारीच पार्श्वभूमीतल्या गेमसाठी वेगळी मर्यादा असते, ती ३० ठेवावी. दुसऱ्या खिडकीत गेलात की कार्ड निवांत होते. एएमडीचे रेडिऑन चिल किमान आणि कमाल असे दोन आकडे घेते आणि हात थांबला की फ्रेम्स उतरवते. कोणत्याही कार्डावर चालणारा रिवाट्यूनर हा प्रोग्रॅम फ्रेम्समधले अंतर फार एकसारखे राखतो, बदल्यात किंचित उशीर होतो. यांपैकी एकच वापरावे. दोन मर्यादा एकाच आकड्यावर एकमेकींशी भांडतात आणि चित्र थरथरते.

फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेम्सच्या मधे कार्डाने स्वतः तयार केलेल्या फ्रेम्स घालणे) चालू असेल तर हिशेब बदलतो : दुप्पट करणाऱ्या पद्धतीत १२०ची मर्यादा म्हणजे खऱ्या फ्रेम्स ६०च, आणि माउसचा प्रतिसादही त्या ६०चाच. प्रोसेसरच कमी पडत असेल तर कार्ड आधीच अर्धे रिकामे असते, तिथे मर्यादेने वॅट फारसे घटत नाहीत.

काही गेममध्ये तर मर्यादा ऐच्छिक नसतेच. २०११च्या ‘स्कायरिम’मध्ये वस्तूंच्या हालचालीचे गणित फ्रेम रेटला बांधलेले होते, ६०च्या वर गेले की टेबलावरची भांडी आपोआप उडायची. ‘डार्क सोल्स २’मध्ये ३०ऐवजी ६०वर खेळणाऱ्याची तलवार दुप्पट वेगाने झिजायची.