पैलवानाच्या लघवीत ज्वारी सापडते!

बेळगावात आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघायला बसलं की मागनं कुणीतरी म्हणतंयच, "काय ओ, हल्ली दूध-तूप जास्त झालं तरी पोरगं डोप टेस्टमध्ये सापडतंय." साफ खोटं. आणि ते का खोटं आहे हे इतकं भारी आहे की लिहितोच.

डोपिंगमध्ये ताकद वाढवायला घेतात ते टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन. ते आपलं शरीर बनवतंच, इंजेक्शनमधला रेणूही तोच, मग लॅबवाले ओळखणार कसं? पहिली चाळण म्हणजे लघवीतलं टेस्टोस्टेरॉन आणि एपिटेस्टोस्टेरॉन (त्याचाच जुळा रेणू, जो इंजेक्शननं वाढत नाही) यांचं प्रमाण, बहुतेकांचं १ च्या आसपास असतं, ४ च्या वर गेलं की संशय. पण काहींचं मुळातच जास्त असतं, आणि काहींच्यात एक जीनच नसतं, त्यामुळं लघवीत टेस्टोस्टेरॉन एवढं कमी उतरतं की इंजेक्शन घेऊनही ४ गाठत नाही.

म्हणून मग कार्बन बघायचा. निसर्गातल्या कार्बनपैकी साधारण १.१ टक्का कार्बन-१३ असतो, थोडा जड. हवेतला कार्बन कसा धरतात यावरनं पिकांचे प्रकार पडतात. भात, गहू, सोयाबीन ही सी-३ पिकं, त्यांच्यातलं रुबिस्को नावाचं एन्झाइम हा जड कार्बन टाळतं. ज्वारी, मका, ऊस ही सी-४, यांच्यात कार्बन आधी दुसरंच एन्झाइम धरतं आणि ते तेवढं चोखंदळ नाही. ठरलेल्या मानकाच्या तुलनेत सी-३ चा आकडा हजारी उणे २७ च्या आसपास, सी-४ चा उणे १३ च्या; उणे जेवढं जास्त तेवढा कार्बन हलका. अथणीकडचा पैलवान ज्वारीची भाकरी खाणार, वर कडबा नि उसाचं वाडं खाल्लेल्या म्हशीचं दूध पिणार, म्हणजे त्याच्या शरीरातला, शरीरानं बनवलेल्या हार्मोनमधलाही कार्बन जड. खानापूरचा भात खाणारा त्याच्यापेक्षा हलका.

कारखान्यातलं टेस्टोस्टेरॉन मात्र बहुतेक सोयाबीनसारख्या वनस्पतींच्या स्टेरॉल नावाच्या चरबीसारख्या पदार्थापासनं करतात, म्हणजे हलकं. लॅब त्याच लघवीतलं प्रेग्नानडायोल नावाचं दुसरं स्टेरॉइड काढते, ते शरीरानंच बनवलेलं, इंजेक्शनचा त्याच्याशी संबंध नाही. ते जड आणि टेस्टोस्टेरॉन हलकं, फरक हजारी ३ च्या वर, की सापडला! माणूस अथणीचा का खानापूरचा हा प्रश्नच राहत नाही, तुलना त्याची त्याच्याशीच.

म्हणजे भाकरी-दुधानं पॉझिटिव्ह येत नाही, उलट चोरी जास्त उठून दिसते. युरोपात गहू-बटाटा खाणाऱ्यांचा कार्बन आधीच हलका, तिथं फरक कमी पडतो आणि लॅबला अवघड जातं.

टेस्टच्या आधी तांब्यानं पाणी ढोसा, लिंबू प्या, अमकं भस्म खा, असले सल्ले देणारे तालमीत कमी नाहीत. पाण्यानं लघवी पातळ होते, कार्बनचं गुणोत्तर तसंच राहतं. 'हर्बल' लिहिलेल्या डब्यांवरही विसंबू नका, आत स्टेरॉइड मिसळलेलं निघालं तर "मला माहीत नव्हतं" म्हणून केस सुटत नाही, शिक्षा कमी झाली तर झाली. शरीरात काय गेलं त्याची जबाबदारी खेळाडूचीच, 'वाडा' (WADA) या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेचा नियम असाच आहे.