शर्यतीच्या गाडीत कुठला भाग किती किलोचा? या हिशेबामागची नव्वद वर्षं

सोलापुरात टॉवेलचा सौदा जीएसएमवर होतो. एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरतं, यावरून माल हलका की भारी ते ठरतं. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजमधली मुलं विद्यार्थी स्पर्धेसाठी शर्यतीची छोटी गाडी बांधायला घेतात आणि त्यांच्या हातात पहिल्यांदा कार्बन फायबरचं कापड येतं, तेव्हा त्यावरही हीच भाषा असते : २०० जीएसएम, ट्विल (तिरकी) वीण. घरी यंत्रमाग असलेल्या, सोलापूरच्या पूर्व भागात म्हणजे विणकरांच्या वस्तीत वाढलेल्या मुलाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. गेली काही वर्षं अशा मुलांना वर्कशॉपमध्ये मदत करतो आहे. बघायला आलेला प्रत्येक माणूस गाडीचा वेग विचारतो. मुलं मात्र दिवसभर ग्रॅम आणि किलोच बोलत असतात. हे वेड आलं कुठून, ते सांगण्यासाठी ही पार्श्वभूमी.

सुरुवात उलट्या टोकाकडून झाली. आज फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींच्या सर्वांत वरच्या वर्गात गाडीला किमान वजनाची अट असते. १९३४ मध्ये ग्रां प्री शर्यतींना, म्हणजे त्या काळच्या सर्वांत मोठ्या मोटार शर्यतींना, कमाल वजनाची अट आली. गाडी ७५० किलोच्या वर जाता कामा नये, आणि हे वजन ड्रायव्हर, इंधन, तेल, पाणी व टायर वगळून. कारखान्याच्या काट्यावर उसाची ट्रॉली भरून आणि रिकामी अशी दोनदा चढते, कारण काय धरायचं आणि काय वगळायचं यावरच पैसे ठरतात. शर्यतीच्या नियमांतही नेहमी तेच महत्त्वाचं राहिलं. अट घालणाऱ्यांचा अंदाज असा होता की हलक्या गाडीत मोठं इंजिन बसणार नाही आणि वेग आपोआप आटोक्यात राहील. जर्मन कारखान्यांनी हलके मिश्रधातू वापरून बाकी गाडीचं वजन उतरवलं आणि वाचलेले किलो इंजिनावर खर्च केले. १९३७ च्या मर्सिडीज डब्ल्यू १२५ ची ताकद साडेपाचशे अश्वशक्तीच्या पुढे गेली होती.

याच काळातली एक गोष्ट मुलांना फार आवडते. मर्सिडीजची गाडी एक किलो जास्त भरली म्हणून रातोरात तिचा पांढरा रंग खरवडला, आणि उघड्या ॲल्युमिनियममुळे ‘रुपेरी बाण’ हे नाव पडलं, अशी ती गोष्ट. पण जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवरच्या ज्या शर्यतीशी ती जोडली जाते, तिला वजनाची मर्यादाच लागू नव्हती, असं काही इतिहासकारांनी दाखवून दिलं आहे. मी ही बाजूही सांगतो. रंगालाही वजन असतं, एवढं मात्र त्यातून मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर धोका दुसऱ्या बाजूने आला. हलकेपणासाठी गाड्या इतक्या नाजूक होऊ लागल्या की माणसं जीव गमावत होती. १९६१ मध्ये फॉर्म्युला वनला ४५० किलोंची किमान मर्यादा आली, १९६६ मध्ये ती ५०० झाली. तेव्हापासून डिझायनरपुढचा प्रश्न बदलला. ठरलेल्या आकड्याखाली गाडी गेली तर बाद होणार. मग भाग हलके कशाला करायचे? कारण वाचलेलं वजन परत घालायचंच असतं, पण ते हवं तिथे घालता येतं. तळाला, जमिनीच्या जितकं जवळ जमेल तितकं. म्हणून संघ टंगस्टनचे ठोकळे वापरतात. पोलादाचा एक घन सेंटीमीटर पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतो, शिशाचा ११.३ आणि टंगस्टनचा १९.३. तेवढ्याच वजनाला जागा कमी लागते. सगळ्या विषयातलं मला सर्वांत सुंदर वाटणारं तत्त्व हेच. वर वाचवलेला किलो खाली ठेवला की काट्यावर फरक दिसत नाही, वळणावर दिसतो.

भागांच्या वजनात मोठी उडी १९६७ साली आली. लोटस ४९ या फॉर्म्युला वन गाडीत बसवलेलं कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन सुमारे १६८ किलोंचं होतं, ४०० अश्वशक्तीच्या आसपास ताकद देत होतं, आणि शिवाय तेच गाडीच्या सांगाड्याचं काम करत होतं. मागची चाकं आणि सस्पेन्शनचा भार इंजिन आणि गिअरबॉक्सवरच. त्यामुळे इंजिनाभोवतीचा सांगाडाच लागेना. भाग हलका करण्यापेक्षा तो नाहीसा करणं केव्हाही चांगलं.

मग कापड आलं. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत ॲक्रिलिकच्या जातीच्या धाग्यापासून मजबूत कार्बन तंतू करण्याची पद्धत तयार झाली. स्वेटरचं सूत ज्या कुळातलं, त्याच कुळातलं हे. तंतू सात मायक्रॉनच्या आसपास जाड. हजारो तंतूंची एक लड, आणि त्या लडींचा ताणा-बाणा. १९८१ मध्ये डिझायनर जॉन बर्नार्ड यांनी मॅकलारेन संघाच्या एमपी४/१ या गाडीचा मुख्य सांगाडा कार्बन फायबरचा केला. हे अपघातात काचेसारखं फुटेल अशी शंका अनेकांना होती. त्याच वर्षी इटलीतल्या मॉन्झा ट्रॅकवर ड्रायव्हर जॉन वॉटसन यांची ती गाडी जोरात आदळली, इंजिनाकडचा भाग तुटून वेगळा झाला, आणि वॉटसन चालत बाहेर आले. दोन मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पोलादी पत्रा पावणेसोळा किलो भरतो, ॲल्युमिनियमचा ५.४ आणि रेझिनसकट (तंतू घट्ट धरणाऱ्या चिकट राळेसकट) कार्बनचा तीन-सव्वातीन. विणकरांच्या गावात हा हिशेब फळ्यावर मांडताना मला मनापासून आनंद होतो.

वजन चोरण्याचेही प्रयत्न झाले. ब्रेक थंड करायला म्हणून पाण्याच्या टाक्या बसवायच्या, सुरुवातीलाच पाणी सोडून द्यायचं, हलकी गाडी पळवायची आणि शर्यत संपल्यावर काट्यावर चढण्याआधी टाकी भरायची. १९८२ ला ब्राझीलमध्ये पहिल्या दोन क्रमांकांवर आलेले नेल्सन पिके आणि केके रोझबर्ग यावरूनच बाद ठरले. १९८४ मध्ये टिरेल संघाने टाकीत पाण्याबरोबर शिशाच्या गोळ्या भरल्याचं निघालं आणि त्या मोसमातले त्यांचे सगळे निकाल रद्द झाले. १९९५ पासून वजनात ड्रायव्हरही धरला जाऊ लागला, मर्यादा ५९५ किलो. पण त्यामुळे उंच, दणकट ड्रायव्हरचं नुकसान होई आणि काही जण उपाशी राहून वजन उतरवत. २०१९ मध्ये आसनासह ड्रायव्हरचे किमान ८० किलो वेगळे धरले गेले, हे फार आधी व्हायला हवं होतं.

नंतर मर्यादा वाढतच गेली. २०१४ मध्ये हायब्रिड, म्हणजे पेट्रोलच्या जोडीला विजेवर चालणारी इंजिनं आली : ऊर्जासाठा (बॅटरी) २० ते २५ किलोंचा, ब्रेकमधून वीज परत मिळवणारी मोटर किमान ७ किलोंची. किमान मर्यादा ६९१ किलोंवर गेली. २०१८ मध्ये डोक्याभोवतीची टायटॅनियमची कमान आली, ‘हेलो’. तिचे सात किलो. दिसायला कुरूप म्हणून तेव्हा टीका झाली, पण त्या सात किलोंनी माणसं वाचवली आहेत. २०२२ मध्ये १८ इंची चाकं आणि आणखी मजबूत सांगाडा आल्यावर मर्यादा ७९८ झाली. २०२६ च्या नियमांनी त्यातले सुमारे ३० किलो पुन्हा खाली आणायला लावले.

आमच्या मुलांच्या स्पर्धेत किमान वजनाची अट नाही. तिथे नियम पाइपची जाडी ठरवतो. ड्रायव्हरच्या डोक्यामागची मुख्य कमान २५.४ मिलिमीटर व्यासाच्या, २.४ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पाइपची केली, तर एक मीटरला १.३६ किलो जातात. बाजूला १.६५ जाडीचा चालतो, तो मीटरला ०.९७ किलो. तिथे हात लावायचा नाही. दुचाकीचं इंजिन तयार येतं. बऱ्याच संघांच्या आवडीचं केटीएम ३९० चं साधारण ३६ किलोंचं. म्हणजे वजन वाचवायला उरतात ती चाकं, हब, ब्रेक, पेडल, ब्रॅकेट. पैकी चाकाजवळचा वाचवलेला किलो दुहेरी कामाचा, कारण तो स्प्रिंगच्या खाली असतो आणि बराचसा फिरतोही. खड्ड्यावर चाक लवकर जमिनीला टेकतं आणि वेग घ्यायलाही कमी जोर लागतो.

एका वर्षी चारही चाकांखाली ठेवायला काटे नव्हते. टॉवेल पॅकिंगचे चार प्लॅटफॉर्म काटे एका ओळखीच्या कारखान्यातून रविवारपुरते आणले, फरशीचा उतार पत्र्याच्या पट्ट्या घालून काढला, ड्रायव्हरला हेल्मेटसकट बसवलं. सगळ्या भागांची यादी वहीत होती, तिची बेरीज आणि चार काट्यांची बेरीज यांत सहा किलोंचा फरक निघाला. दोन दिवस शोधलं. वायरिंग, नटबोल्ट आणि रंग, या तिन्हींचं वजन कोणी वहीत लिहिलंच नव्हतं.