अमावस्येचा शनिवार: पुण्यातल्या आकाशदर्शनाची पार्श्वभूमी

गेल्या हिवाळ्यात ऑफिसमधल्या एका मुलीला आमच्याबरोबर वेल्ह्याच्या बाजूला आकाशदर्शनाला घेऊन गेलो होतो. रात्रभर ती एकटक बघत होती आणि पहाटे परत येताना गाडीत तिने विचारलं, "दादा, पुण्यात हे सगळं आयुका आल्यामुळेच सुरू झालं ना?" नवीन येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच धरून चालतो. आयुका, म्हणजे विद्यापीठाच्या आवारातली खगोलशास्त्राची संशोधन संस्था, 1988 ची आणि पुण्यातली हौशी मंडळी त्याच्या कितीतरी आधीपासून गच्चीवर उभी आहेत, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच ठेवू.

सुरुवात कुठून करायची हा प्रश्नच आहे कारण आकाश बघायला संस्था लागत नाही. माझ्या आजीला एकही तारा पुस्तकातून माहीत नव्हता पण सप्तर्षी म्हणजे म्हातारीची बाज आणि मागे तीन चोर, हे तिनेच मला अंगणात झोपल्या झोपल्या दाखवलंय. आणि मृग लागला, आर्द्रा लागल्या हे तर प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडात असतंच.

पण दुर्बीण घेऊन रीतसर वेध घ्यायची गोष्ट पुण्यात 1888 मधे सुरू झाली. कावसजी दादाभाई नायगमवाला नावाचे पारशी प्राध्यापक होते, त्यांच्या खटपटीला भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींनी पैसे दिले, सरकारनेही भर घातली आणि कॉलेज ऑफ सायन्समधे, म्हणजे आज आपण ज्या इंजिनिअरिंग कॉलेजला सीओईपी म्हणतो तिथे, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांच्याकडची 20 इंची आरशाची दुर्बीण, त्या काळी भारतातली सगळ्यात मोठी, आणि ती शिवाजीनगरला होती! संगमावरून जाताना दर वेळी मला हे आठवतं. नायगमवालांनी तिथून मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटाचा अभ्यास केला. इंग्लंडमधे लॉकियरसारखा मोठा खगोलशास्त्रज्ञ सांगत होता की त्या तेजोमेघातली हिरवी रेषा मॅग्नेशियममुळे आहे, आणि पुण्यातले वेध त्याच्या विरोधात गेले. नंतर 22 जानेवारी 1898 चं खग्रास सूर्यग्रहण, तेव्हा पुण्यात प्लेगची धामधूम होती, आणि हे गृहस्थ सगळी यंत्रं घेऊन सोलापूरच्या रेल्वेमार्गावर जेऊरला जाऊन बसले. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची तुकडीसुद्धा जेऊरलाच उतरली होती.

आणि मग 1912 मधे नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट हीच आहे. एवढी मोठी दुर्बीण, एवढं काम, आणि सगळं एका माणसावर उभं होतं, तो माणूस गेल्यावर गावात ती चालवणारं दुसरं कोणी नव्हतं.

याच काळात पुण्यात दुसरा एक प्रवाह होता, दुर्बिणीशिवायचा. शंकर बाळकृष्ण दीक्षित, ज्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा एवढा मोठा इतिहास लिहिला, त्यांनी साध्या मराठी वाचकासाठी ज्योतिर्विलास नावाचं पुस्तक लिहिलं आणि त्याला जोडनाव दिलं 'रात्रीची दोन घटका मौज'. दोन घटका म्हणजे 48 मिनिटं. आता गंमत बघा, डोळे अंधाराला नीट सरावायलाच वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणजे जेवण झाल्यावर थोडा वेळ अंगणात थांबलात तर उरलेल्या वेळात खरंच भरपूर दिसतं. लोकमान्य टिळकांनी 1893 मधे 'ओरायन' लिहिलं, त्यात वसंतसंपात, म्हणजे मार्चमधे दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाची सूर्याची आकाशातली जागा, एकेकाळी मृगशीर्षात होता यावरून वेदांचा काळ काढायचा प्रयत्न आहे. निष्कर्ष कोणाला पटो न पटो, पण पुण्यातल्या वाड्या-वाड्यात पंचांग, संपात, नक्षत्रं यावर वाद घालणारी माणसं होती हे नक्की. या लोकांकडे मोठी दुर्बीण नव्हती, आकाश मात्र पाठ होतं.

अशा तयार जमिनीवर 22 ऑगस्ट 1944 ला ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. भारतातली हौशी खगोलप्रेमींची सगळ्यात जुनी संस्था. महायुद्ध चालू, आणि महिना बघा, ऑगस्ट! पुण्यात ऑगस्टमधे आठ-आठ दिवस चंद्र दिसत नाही, आणि त्या दिवसात काही लोकांनी आकाश बघायची संस्था काढली. पण मला वाटतं पावसाळाच बरोबर काळ आहे, कारण बघायला काही नसतं तेव्हाच माणसं एकत्र बसून बोलतात, वाचतात, ठरवतात. आजही आमची सगळी व्याख्यानं, वर्ग, दुरुस्त्या पावसाळ्यातच असतात. परिसंस्थेचं घर टिळक रोडवर टिळक स्मारक मंदिर या नाट्यगृहात, गच्चीवर वेधशाळा. खाली नाटकाची तिसरी घंटा आणि वर शनीची कडी!

तिथून जवळच न्यू इंग्लिश स्कूलमधे 1954 साली कुसुमबाई मोतीचंद तारांगण आलं. शाळेतलं छोटं घुमटाचं तारांगण, देशात दुसरीकडे असं काही बघायला मिळण्याच्या फार आधीचं. पुण्यातल्या किती मुलांनी आयुष्यातलं पहिलं 'पूर्ण' आकाश तिथल्या अंधारात मान वर करून बघितलंय!

पण खरी गर्दी ग्रहणांनी आणि धूमकेतूंनी आणली. 16 फेब्रुवारी 1980 चं ग्रहण कारवार, हुबळी, रायचूर भागात खग्रास होतं, पुण्यात खंडग्रास. मी शाळेत होतो. आमच्या गल्लीत रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, सगळ्यांची दारं-खिडक्या बंद, पाण्यात तुळशीची पानं. वरच्या मजल्यावरच्या एका काकांनी एकट्याने गच्चीवर पुठ्ठ्याला टाचणीचं भोक पाडून सूर्याची कोर जमिनीवर पाडून दाखवली, ती बघायला आम्ही दोन-तीनच पोरं चोरून गेलो होतो. तेवढं माझ्यासाठी पुरलं. 1986 ला हॅले आला, तो खरं तर फार छान दिसला नाही, आपल्याकडून बघायचा तर पहाटे उठून दक्षिणेला खाली शोधावा लागायचा, तरी लोक आले आणि त्यातले बरेच टिकले. मुंबईचं खगोल मंडळही त्याच लाटेतलं. 1995 च्या खग्रासला लोक राजस्थानात गेले, एक मिनिटसुद्धा नसेल खग्रास स्थिती पण लोक नुसते ओरडत होते. 1997 च्या एप्रिलमधे हेल-बॉप संध्याकाळी वायव्येला नुसत्या डोळ्यांनी दिसायचा, पर्वतीवर तर जत्राच. आणि 11 ऑगस्ट 1999 ला आम्ही ट्रेनने भुजला गेलो, ढगांनी सगळं झाकलं, सूर्य दिसलाच नाही, फक्त अंधार अंगावरून सरकत गेला. त्या ट्रिपला ओळख झालेले तीन जण आजही आमच्याबरोबर दर अमावस्येला असतात.

1980 ला दारं लावून बसलेलं गाव आणि 1997 ला पर्वतीवर पोरं खांद्यावर घेऊन आलेलं गाव, मधे सतरा वर्षं. हा बदल आपोआप झालेला नाही. शाळाशाळांत जाऊन, ग्रहणाचे चष्मे वाटून, रस्त्यात दुर्बीण लावून लोकांनी तो केलाय. इथे आयुकाचा वाटा मोठाच आहे, ते मी नाकारत नाहीये. डॉ. जयंत नारळीकरांनी संशोधनाची संस्था उभारताना शाळेतल्या मुलांसाठी शनिवारची व्याख्यानं ठेवली, मराठीतून बोलले, मराठीतून लिहिलं. पुलंच्या स्मरणार्थ मिळालेल्या देणगीतून तिथे मुलांसाठीच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेची 'पुलस्त्य' ही इमारत झाली, पुलस्त्य म्हणजे सप्तर्षींमधला एक आणि त्यात पुलंही आले, इतकं सुंदर नाव दुसऱ्या कुठल्या इमारतीला नसेल. गिरवलीला 2006 पासून 2 मीटरची दुर्बीण आहे, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या 30 डिश आहेत आणि विज्ञान दिनाला तिथे गावंच्या गावं लोटतात.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती दुर्बिणीचे आरसे घासायची कार्यशाळा. दोन जाड काचेच्या चकत्या, मधे कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि तासन् तास घासायचं, खालची चकती फिरवत आणि स्वतः टेबलाभोवती फिरत. वरची चकती हळूहळू खोलगट होते. पूड जाडीकडून बारीककडे, मग डांबरासारख्या पिचवर सेरियम ऑक्साइडने पॉलिश, मग फोकॉल्ट टेस्ट, म्हणजे साधं दाढीचं ब्लेड आणि एक बारीक प्रकाश, त्यात काचेवर केसापेक्षा शेकडो पटींनी लहान चूक सावलीसारखी दिसते. शेवटी ॲल्युमिनियमचा थर आणि प्लायवूडचा डॉब्सन स्टँड. माझा 6 इंची आरसा मला एका बँकेतून रिटायर झालेल्या काकांनी शिकवला, मी पुढे चार जणांना शिकवला. विकत घेतलेली दुर्बीण बिघडली की माळ्यावर जाते, स्वतः घासलेला आरसा कधीच जात नाही. 1912 ला नेमकं हेच नव्हतं, पुढचा हात.

आता आकाश लांब चाललंय, हेही याच पार्श्वभूमीचा भाग. माझ्या लहानपणी कोथरूडच्या आमच्या गच्चीवरून उन्हाळ्यात आकाशगंगा दिसायची. मग खडकवासला, मग सिंहगडाच्या पलीकडे, मग पानशेत, आता वेल्हे आणि त्याच्याही पुढे, दर काही वर्षांनी जागा बदलते आणि पेट्रोलचा खर्च वाढतो. पिवळे सोडियमचे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, त्यात निळा प्रकाश जास्त, तो हवेत जास्त पसरतो, फिल्टरही त्याला फारसा अडवत नाहीत. दिव्याला वरून टोपी घालून प्रकाश खाली रस्त्यावर पाडला तर वीजही वाचेल आणि आकाशही, इतकी साधी मागणी आहे आणि ती आम्ही प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक फार्महाऊसवाल्याला सांगतोय.

तरी पुण्याचं अक्षांश फार चांगलं आहे, साडेअठरा अंश. ध्रुव तेवढाच वर आणि अगस्त्यही दक्षिणेला जवळजवळ तेवढाच वर येतो. मे महिन्यात नरतुरंग तारकासमूह, त्यातला मित्र तारा, त्रिशंकू सगळं क्षितिजाच्या वर बघता येतं, युरोपातले लोक त्यासाठी विमानाने प्रवास करतात. मेच्याच मध्यावर भर दुपारी पुण्यात सावली पायाखाली नाहीशी होते, त्याला दुर्बीण पण लागत नाही, एक सरळ पाइप उभा केला की झालं, आणि पोरं काय नाचतात!

ती मुलगी पुढच्या अमावस्येच्या जवळच्या शनिवारी परत आली. धाकट्या भावाला घेऊन, दोन सतरंज्या आणि टॉर्चला लाल जिलेटीन पेपर लावून. कृत्तिका त्याला तिनेच दाखवल्या, मी बाजूला उभा होतो.