हातचालित व्हीलचेअर : बाहूंची हालचाल

मोठ्या चाकांच्या बाहेरून बसवलेली रिम ढकलून खुर्ची चालवताना खांदा, कोपर व मनगट यांची होणारी आवर्ती हालचाल. तिचे रेटा (रिम ढकलणे) आणि परत (हात सोडून पुन्हा मागे आणणे) असे दोन टप्पे मानतात. रिमच्या माथ्यामागे हात टेकतो तेव्हा दंड मागे गेलेला असतो. मग तो पुढे येतो आणि कोपर आधी वाकून नंतर सरळ होते. रेट्याचा भार मुख्यतः छातीचा पेक्टोरॅलिस मेजर व खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूचा पुढचा भाग घेतात, परतीचा डेल्टॉइडचा मागचा भाग.

परतीच्या मार्गावरून कमान (हात रिमलगतच मागे येतो), अर्धवर्तुळ (रिमखालून), एक वळसा (रिमवरून) व दोन वळसे (आधी रिमवरून, मग खालून) असे चार प्रकार करतात. मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर बाहू जपण्याबाबतच्या २००५ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेचा कौल लांब, सलग रेट्याला व रिमखालून परतणाऱ्या हाताला आहे. सपाटीसाठी तो ग्राह्य वाटतो. चढावर मात्र बरेच जण कमानीवर येतात.

जोराच्या दिशेबद्दल मतभेद आहेत. चाक फिरते ते स्पर्शरेषेतील, म्हणजे रिमच्या कडेच्या दिशेने लावलेल्या जोराने. आसाकडे, म्हणजे चाकाच्या मध्याकडे दाबणारा जोर वाया जातो, असे पूर्वी सरसकट मानत. २००२ मधील एका डच प्रयोगात शिकाऊंना पडद्यावर जोराची दिशा दाखवून ती सुधारून घेतली, तेव्हा यांत्रिक कार्यक्षमता उलट कमी भरली. खांदा व कोपर यांचे स्नायू अशा वेळी एकमेकांविरुद्ध ओढतात, हे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. एरवीही ही कार्यक्षमता १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमीच असते. खांदेदुखी आणि मनगटातील मीडियन नस दबणे हे नेहमीचे परिणाम.

हात रिमच्या माथ्यावर असताना कोपराचा कोन १०० ते १२० अंश असावा, असे सुचवतात. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात दिसणाऱ्या साध्या घडीच्या खुर्चीत आस हलवता येत नाही, त्यामुळे गादीची जाडी तेवढी हातात राहते. जाड गादीने माणूस उंच बसतो, कोपर सरळ होते व रिमवरची पकड आखूड पडते. बाजारपेठेत हाताने पेडल मारायची तीनचाकी सायकलही चालते. तिचा दांडा हातातून सुटत नसल्याने परतीचा टप्पा वेगळा उरत नाही.

१:१२ च्या (१२ फुटांमागे १ फूट चढाच्या) रॅम्पवर खुर्चीसह ८० किलो वजन नुसते धरून ठेवायलाच सुमारे साडेसहा किलो भाराइतका जोर लागतो. हात सुटताच खुर्ची मागे सरू लागते, म्हणून परतीचा टप्पा आखूड ठेवावा लागतो. घराच्या सोप्याच्या (ओसरीच्या) उंबऱ्यावर पुढची चाके उचलण्यासाठी रिमला झटका द्यावा लागतो. गटाराकडे कललेल्या रस्त्यावर खुर्ची त्याच बाजूला वळते आणि खालच्या बाजूच्या हाताला जास्त रेटावे लागते. खानापूरकडच्या पावसात ओली रिम निसटते, त्यामुळे मूठ घट्ट आवळली जाते व मनगटावर ताण वाढतो.