फेकलेल्या वस्तूंची छायाचित्रे : वर्ध्याच्या धुऱ्यावरून पाहिलेली पार्श्वभूमी

कापसाची वेचणी संपल्यावर शेताच्या धुऱ्याने, म्हणजे बांधाने, चालत गेले, की पऱ्हाट्यांच्या बुडाशी बियाण्याचे रिकामे पाकीट, कीटकनाशकाची बाटली आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) घोटलेली प्लॅस्टिकची पन्नी एकाच मातीत रुतलेली दिसते. पाकिटावर टपोऱ्या, फुटलेल्या बोंडाचे छायाचित्र असते; उन्हापावसाने त्याचा रंग उडालेला असतो, प्लॅस्टिक मात्र शाबूत असते. ‘वापरा आणि फेका’ या संस्कृतीशी छायाचित्रणाचे नाते कसे दुहेरी आहे, ते या पाकिटावरून कळते. वस्तू विकण्याच्या कामी छायाचित्र आधी आले. फेकलेल्या वस्तूची साक्ष देण्यासाठी ते बऱ्याच उशिरा पुढे आले.

१ ऑगस्ट १९५५ च्या ‘लाइफ’ या अमेरिकी नियतकालिकात पीटर स्टॅकपोल यांनी टिपलेले एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्यात एक कुटुंब हात उंचावून उभे आहे आणि त्यांच्याभोवती कागदी ताटल्या, पेले आणि एकदाच वापरण्याच्या इतर वस्तू हवेत उधळल्या आहेत. हे सारे धुवायला ४० तास लागले असते, आता गृहिणीची त्यातून सुटका झाली, असा सोबतच्या मजकुराचा आशय होता. तो आनंद खोटा नव्हता. भांडी घासण्याचे कष्ट बाईच्याच वाट्याला येत, हे आपल्याकडच्या कोणत्याही न्हाणीजवळ आजही दिसते. त्या वस्तू खाली पडल्यावर कुठे जातील, हा प्रश्न मात्र त्या चौकटीत नव्हता.

त्याआधी दहा वर्षे, १९४५ मध्ये, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांचे ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ प्रकाशित झाले होते. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम उभे करणाऱ्या कुमारप्पांनी ते जबलपूरच्या तुरुंगात लिहिले. कोळसा आणि पेट्रोलियम यांसारख्या संपणाऱ्या साठ्यांवर उभी राहिलेली अर्थव्यवस्था संघर्षाकडे नेते, हे त्यांनी त्यात मांडले. धुऱ्यावरची बाटली त्याच पेट्रोलियमची आहे, हे लक्षात घेतले की मगनवाडीतला तो विचार किती जवळचा होता हे जाणवते.

विदर्भाच्या खेड्यात फेकण्याची सवय नवी नाही. नवी आहे ती वस्तू. पळसाच्या पानांच्या पत्रावळी, द्रोण, राख आणि शेण उकिरड्यावर जाई आणि पेरणीपूर्वी खत होऊन शेतात परत येई, म्हणजे टाकणे हाच शेतीचा एक भाग होता. १९८० च्या दशकापासून शाम्पूच्या पुड्या खेड्यापाड्यांतल्या दुकानांत लटकू लागल्या, पुढे पंगतीत थर्माकोलच्या ताटल्या आल्या, आणि उकिरडा तोच राहिला. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली, तरी आठवडी बाजार उठल्यावर गाई अजूनही पन्न्याच चघळताना दिसतात.

छायाचित्रकारांची नजर कचऱ्याकडे वळली ती टप्प्याटप्प्याने. फॅशनच्या छायाचित्रांसाठी नावाजलेल्या अर्व्हिंग पेन यांनी १९७२ मध्ये रस्त्यावरची सिगारेटची थोटके उचलून त्यांची भव्य छायाचित्रे केली. अमेरिकी छायाचित्रकार ख्रिस जॉर्डन यांनी २००७ मध्ये अमेरिकेत दर पाच मिनिटांना वापरल्या जाणाऱ्या २० लाख प्लॅस्टिक बाटल्या एकाच चित्रात दाखवल्या. अशी संख्या ऐकून विसरली जाते. चित्रात ती पायाखाली पसरते. त्यानंतर २००९ मध्ये ते प्रशांत महासागरातील मिडवे बेटावर गेले आणि अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या मेलेल्या पिल्लांच्या कुजलेल्या पोटात दिसणारी बाटल्यांची झाकणे व लायटर त्यांनी काहीही न हलवता टिपले. माझ्या मते या साऱ्या प्रवासात हेच काम सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण ज्याने काही विकत घेतले नाही त्याच्या देहात आपली खरेदी सापडते. गाईंचे पोट जनावरांच्या डॉक्टरांनी फाडलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

भारतात चित्रकार विवान सुंदरम यांनी २००८ च्या ‘ट्रॅश’ या मालिकेत कचरावेचकांच्या मदतीने आपल्या स्टुडिओत कचऱ्याचे शहर रचले आणि त्याची छायाचित्रे काढली. अमेरिकेत छायाचित्रकार ग्रेग सेगल यांनी २०१४ मध्ये ओळखीच्या माणसांना आठवडाभराचा कचरा साठवायला सांगून त्यातच झोपवले आणि त्यांची छायाचित्रे काढली. सेगल यांची ही पद्धत आपल्या गावात सहज करून पाहता येईल. मोबाइलचा कॅमेरा घरोघरी आहे, आणि एका एकरासाठी हंगामात आणलेली पाकिटे, बाटल्या व पन्न्या शेणाने सारवलेल्या अंगणात एका ओळीत मांडायला एक सकाळ पुरेल. फक्त कीटकनाशकाच्या बाटल्यांना हात लावताना हातमोजे हवेत आणि लहान मुले दूर हवीत.