साताऱ्याचे डोंगर: पुस्तकांत काय सापडतं, काय निसटतं

डोंगरावरचं जुनं पुस्तक हातात आलं की दोन गोष्टी आधी बघाव्यात. लिहिणारा कुठवर गेला होता, आणि कोणत्या महिन्यात?

थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ घ्या. १९०१ ते १९०८ या काळात तो भागाभागाने निघाला. कुक पेशाने इंजिनिअर, पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य. निवृत्तीनंतर इंग्लंडात क्यू इथल्या वनस्पती उद्यानात बसून, वाळवलेल्या नमुन्यांवरून त्यांनी हे काम तडीस नेलं. प्रत्येक वनस्पतीखाली ठिकाण आणि ती गोळा करणाऱ्याचं नाव आहे. काही नावांपुढे उद्गारचिन्ह दिसतं. तो नमुना लेखकाने स्वतः पाहिला, एवढाच त्याचा अर्थ. चिन्ह नसेल तिथे दुसऱ्याच्या शब्दावर भिस्त. इतका सरळ हिशेब आजच्या कितीतरी पुस्तकांत मिळत नाही.

ठिकाणांमध्ये मात्र महाबळेश्वर पुन्हा पुन्हा भेटतं. साहजिकच आहे. १८२९च्या सुमारास तिथे साहेबांचं थंड हवेचं ठाणं वसलं, रस्ता झाला, बंगले झाले. पण सरकारी लवाजमा उन्हाळ्यात वर चढायचा आणि पाऊस लागला की पुण्याला उतरायचा. आपली पठारं तर नेमकी पावसातच जागी होतात!

कासचंच बघा. लाखो वर्षं पावसाने बेसॉल्टमधली सिलिका धुऊन नेली, मागे लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं राहिली, त्यांचा जांभा झाला. त्यावर माती जेमतेम बोटभर, तीही निकस. झाडाला मूळ धरायला जागा नाही. जून ते ऑक्टोबर एवढ्यात उगवायचं, फुलायचं, बी धरायचं. सीतेची आसवं ही निळी-जांभळी फुलं दिसतात नाजूक, पण झाड कीटकभक्षी. ओल्या मातीत त्याच्या इवल्या पिशव्या असतात. झाकणाजवळचा केस हलला की झाकण आत उघडतं आणि पाण्यासकट बारीक जीव ओढला जातो, डोळ्याची पापणी लवायच्याही आत. निकस मातीत न मिळणारं नायट्रोजन असं मिळवलं जातं.

याच पठारांवरचा वायतुरा, दुभंगलेल्या तुऱ्यांचा, जमिनीतल्या कंदावर उन्हाळा काढणारा. विज्ञानाच्या दृष्टीने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली १९८२ साली, तीही साताऱ्याच्याच नावाने! कोयनेचा भेक, म्हणजे बेडकाचाच एक भाऊबंद, शास्त्रीय नोंदीत आला १९६३ मध्ये. तोवर डोंगरांवर ग्रंथ काही कमी नव्हते. त्यामुळे जुन्या पुस्तकात एखादी जात नाही, म्हणजे ती तेव्हा नव्हतीच, असं म्हणणं धाडसाचं ठरेल.

१८८५चं सातारा गॅझेटिअर वाचताना आणखी एक सांभाळा. तेव्हाच्या जिल्ह्यात वाळवा, तासगाव, खानापूर होते. तिथले पिकांचे आणि जंगलांचे आकडे आजच्या साताऱ्याशेजारी ठेवले की तुलना फसलीच. पावसाचंही तसंच: महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. याची सरासरी काढून काय करायचं?

आणि टोपली कारवी. कासला ती सात वर्षांनी एकदा सामूहिक फुलते, बी धरते आणि मरते. ग्रंथात फुलण्याचा महिना मिळेल, वर्ष नाही. ते पठाराखालच्या गावांत विचारावं लागतं.